पुढच्या शिडाची दोरी

"पुढे दुसरं शीड लावताय ते लावा, बाई. पण त्याची दोरी बांधून टाकू नका, हातात ठेवा. माणूस पाण्यात पडला तर आधी ती सोडायची," शिडं शिवणारे काका तिला म्हणाले होते. "एकच शीड असलं की माणूस पडल्यावर बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. वाट बघते. पुढचं शीड ताणलेलं असेल तर नाही बघत."

तिने हसण्यावारी नेलं. "हे कशाला पडतील, काका? पडले तर मीच."

आता तलावात ती त्याच बोटीवर होती. शेजारी शेजारी जोडलेल्या दोन लांब, बारीक होड्या, मधे ताणलेली जाळी, जाळीवर दोघं. नवरा मागे, सुकाणूपाशी, अंगात तरंगायचं जॅकेट. ती पुढे, नव्या शिडाची दोरी दोन्ही मुठींत. शर्यत पुढच्या रविवारी होती. बाळाला सासूबाईंकडे ठेवून तासभर झाला होता, आणि ब्लाऊज दुधाने ओला व्हायला लागला होता.

"कडेला सरक. बाळंतपणात वाढवलंयस ते वजन, निदान इथे तरी कामाला येऊ दे."

ती सरकली.

पूर्वी ही बोट वळताना अर्ध्यात अडायची आणि वाऱ्यात तोंड घालून डुलत राहायची. "तुम्ही दोघी सारख्याच," तो म्हणायचा. आज पुढच्या शिडाने बोटीचं नाक ओढून आणलं आणि ती एका दमात वळली. तो आनंदाने ओरडला. ती दचकली. हातातली दोरी सुटली. शीड फडफडलं, बोट मंदावली.

त्याने पायाने तिच्या पाठीत ढोसलं.

"कोणी सांगितलं सोडायला?"

"तुम्ही ओरडलात. मला वाटलं…"

"तुला वाटायचं नाही. मी 'बदल' म्हणेन, तेव्हाच सोडायची. मी काहीही ओरडलो, बोंब मारली, तरी नाही. काय करायचं नाही?"

"सोडायची नाही."

"कधीपर्यंत?"

"तुम्ही 'बदल' म्हणेपर्यंत."

"पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटलं. दोरी ओढून ताणली आणि मुठीला दोन वेढे घेतले.

वळणाची खूण म्हणून पाण्यात एक तांबडं पिंप तरंगत होतं. त्याच्या जवळ आल्यावर किती वेळ लागला ते बघायला त्याने मनगट वर केलं आणि मागे झुकला. त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला. पाय अडकवायच्या पट्ट्यातून त्याची टाच निसटली. फार आवाज झाला नाही.

मोठ्या शिडाचा दोर त्याच्या हातातून सुटला आणि ते शीड बाजूला उघडलं. बोटीने क्षणभर वाऱ्याकडे मान वळवली, सवयीने. मग पुढच्या शिडाने तिला ओढून सरळ केलं. वारा घराकडच्या काठाकडे वाहत होता.

"सोड!" पाण्यातून आवाज आला.

तिने मुठीकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती.

"अगं, सोड! दोरी सोड, मूर्ख बाई!"

मग त्याने तिच्या आईचा उद्धार केला. मग तिचं नाव घेतलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी घ्यायचा तसं. 'बदल' तेवढं म्हणाला नाही.

बोट इतकी सुरेख कधीच चालली नव्हती. तिने दोन वेळा मागे पाहिलं. पहिल्यांदा डोकं आणि एक हात दिसला. दुसऱ्यांदा फक्त पिंप.

धक्क्यावर काका उभे होते. त्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून बोटीचं नाक धरलं.

"झकास आली. शीड बसलंय बरं का." मग त्यांची नजर जाळीवरून मागे सुकाणूपर्यंत गेली. "साहेब कुठायत?"

"ते म्हणाले नाहीत."

"काय म्हणाले नाहीत?"

ती मुठीचे वेढे उलगडत होती. तळहातावर दोरीचे वळ उमटले होते, तांबडे, सरळ.

"बाळाची दुधाची वेळ झालीय, काका," ती म्हणाली आणि पायऱ्या चढून गेली.

घरी सासूबाईंनी दार उघडलं. "रडून रडून आत्ता कुठे गप्प झालाय. तो नाही आला?"

"येतील."

बाळाने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. ती भिंतीला टेकून बसली. बाहेर वारा वाढला होता, खिडकी आपटत होती. तिने ती एका हाताने लावून घेतली.

तुम्ही तलावाच्या त्या अंगाला जाणार असाल, तर तिचं एवढं एक काम करा. तांबड्या पिंपाशी जरा बघा. जॅकेट त्याने नुसतं अंगात घातलं होतं की त्याचे पट्टेही लावले होते, ते तिला काही केल्या आठवत नाहीये.