लेकीने पाठवलेलं

फोनच्या कंपनीत दर अपडेटसाठी नवनवीन सोयी तयार करणं हे तिचं काम. "जुने फोन जरा रखडले तर रखडू देत, लोकांना काहीतरी नवं हवं असतं," असं ती मीटिंगमध्ये ठासून सांगायची आणि तिचंच खरं व्हायचं. इकडे बाबा मात्र तिचा फोन उचलेनासे झाले. लांबची नोकरी घेतली म्हणून रुसलेत, अशी तिने समजूत करून घेतली. मग तीही हट्टाला पेटली. फोन करायचंच तिने सोडून दिलं.

ती आली ती बाबा गेल्यावरच. त्यांच्या उशाशी तिच्याच कंपनीचा जुना फोन तसाच पडला होता. तिने आपल्या फोनवरून तो लावून पाहिला. रिंग वाजली, पडद्यावर 'चिमणी' अशी अक्षरं उमटली. तिने हिरव्या बटणावर बोट ठेवलं, पुन्हा ठेवलं, दाबून धरलं. फोन ढिम्म. रिंग वाजून वाजून थांबली, तेव्हा कुठे पडदा हलला.

"हा एवढा रखडतो?" तिने शेजारच्या काकांना विचारलं.

"ना उचलता यायचा, ना लावता. प्रत्येक अपडेटनंतर आणखीच मंद व्हायचा. मी कानीकपाळी ओरडलो, जुना फोन आहे, ते अपडेट घेऊ नका. पण ऐकतील तर ना! म्हणायचे, लेक बोलत नसली तरी एवढं पाठवतेय, तेही नको कसं म्हणू?"