दुरुस्तीसह मंजूर

मीटिंगमध्ये जो जे बोलेल ते शब्द न् शब्द लिहायचं, हा साहेबांचाच हुकूम. म्हणून या सोमवारी मागच्या मीटिंगचं इतिवृत्त मी नेहमीसारखंच खणखणीत आवाजात वाचलं. "मुद्दा तिसरा. साहेब म्हणाले, काल तपासणीवाल्यांनी आपल्यावर पार बलात्कार केला. मुद्दा चौथा. कँटीनचा पंखा दुरुस्त करणे."

कुणाला तरी चहाचा ठसका लागला.

"अहो बाई!" साहेबांचे कान लालेलाल. "बोलायची एक पद्धत असते. गंमत होती हो ती."

"हो ना सर. म्हणून तर पुढे कंसात लिहिलंय, सर्वजण हसले."

"खोडा आधी ते सगळं!"

"असं परस्पर नाही खोडता येत, सर. आधी सगळ्यांना विचारावं लागतं. कुणाची काही दुरुस्ती?"

टेबलाच्या टोकाला गोदाम सांभाळणाऱ्या ताई बसतात. नऊ वर्षांत मीटिंगमध्ये 'हजर' यापलीकडे त्यांनी शब्द काढलेला नाही. त्यांनी हात वर केला. साहेबांनी वळून पाहिलं, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

"ते 'सर्वजण' चुकलंय," ताई म्हणाल्या. "मी हसले नव्हते. तसं लिहा."