चार वाजता

सगळं सभागृह उभं राहिलं, तेव्हा चौथ्या रांगेतला एक म्हातारा तेवढा बसून राहिला.

मंचावरून व्हर्ना टिडवेलला तो नीट दिसला. उंच खिडक्यांतून ऑक्टोबरची तिरपी उन्हं आत आली होती. बाहेरच्या मेपलचा पिवळा उजेड माणसांच्या खांद्यांवर सांडला होता आणि टाळ्यांचा आवाज लांबच्या नदीसारखा कानावर येत होता. मघापासून तिला सगळं स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या याच विद्यापीठातून ती, खाणमजुराची पोर, पदवी घेऊन बाहेर पडली होती. त्याला आता अर्धं शतक होत आलं. आज तिथेच तिचा सत्कार होता आणि कुलगुरूंनी नुकतीच तिची कारकीर्द वाचून दाखवली होती. केंद्र सरकारच्या तुरुंगखात्यात बत्तीस वर्षं. पहारेकरी म्हणून भरती, अधीक्षक म्हणून निवृत्ती. एकेका तुरुंगाचं नाव आलं की तिच्या मिटल्या डोळ्यांपुढून एकेक अंगण तरंगत जायचं. एक धुक्यातलं, एक बर्फाखालचं, एकावरून बदकांचा थवा चाललेला. माणसं मात्र एकाही अंगणात नव्हती.

आणि आता हा.

एल्बर्ट केगल. तिच्या शेवटच्या तुरुंगात तो भटारखान्यात पाव भाजायचा. बावीस वर्षं आत काढली, त्यातली नऊ तिच्या हाताखाली. सुटून वर्षही झालं नसेल. त्याची आई वारली तेव्हा अंत्यविधीला जाऊ द्या म्हणून त्याने अर्ज केला होता. त्यावर ‘नामंजूर’ हा शेरा व्हर्नानेच लिहिला होता.

दोन्ही हातांनी खुर्चीची कड घट्ट धरून तो बसला होता. शेजारची बाई त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होती. तो समोर बघत होता.

व्हर्नाने लिहून आणलेलं भाषण निम्म्यावरच आटोपलं. आभार मानले, मानपत्र टेबलावर ठेवलं आणि ती पायऱ्या उतरून खाली आली. मागून कुलगुरू फोटोसाठी हाका मारत होते. लोक बाजूला होत होते आणि तिचे पाय पाण्यातून चालल्यासारखे जड पडत होते. एवढा प्रवास करून हा माणूस आपला अपमान करायला आला, आणि तो त्याचा हक्कच आहे, असं तिला वाटत होतं.

त्याच्यापुढे ती उभी राहिली. तुरुंगात ती त्याला अरे-तुरे करायची. आज तसं तोंडातून निघेना.

“मिस्टर केगल, तुमच्या आईच्या वेळी मी...”

“त्याचा राग आहेच, मॅडम,” तो शांतपणे म्हणाला. “पण आज त्यासाठी नव्हतो बसलो. मी टाळ्या वाजवायलाच आलो होतो. पेपरात तुमचं नाव वाचलं आणि बस पकडली.”

“मग?”

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली. “सगळे उठले तेव्हा बरोबर चार वाजले होते. तुरुंगातली चारची शिरगणती, प्रत्येक कैद्याने उभं राहायचं. बावीस वर्षं रोज चारला मी उभा राहिलोय. सुटल्यावरसुद्धा घरी चार वाजले की पाय आपोआप उठतात. आजही उठायला लागले होते.” खुर्चीच्या कडेवरचे हात त्याने अजून सोडले नव्हते. बोटं पांढरी पडली होती. “म्हटलं, आज बघू या. जिच्या हुकमावर उठायचो, तिच्यासमोर बसता येतं का.”

मंचावर कुलगुरू फोटोसाठी सगळ्यांना घेऊन रांगेत उभे होते. त्यांनी पुन्हा एकदा तिचं नाव घेतलं. व्हर्नाला ते फार दुरून ऐकू आलं.

“शिरगणती झाली, मिस्टर केगल,” ती हळूच म्हणाली. “आता उठलात तरी चालेल.”

“बसतो अजून जरा,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या बाजूची रिकामी खुर्ची तिच्यासाठी ओढली.