रिनाची पसंती

"आधी ट्यूब तापू द्या," दुकानदार लहानूभाऊ म्हणाले. "मंग वाजवा."

रिनाने गिटारची वायर पहिल्या ॲम्पला जोडली आणि थांबली. मागच्या जाळीतून काचेच्या ट्यूब हळूहळू तांबूस होत गेल्या. चंद्रपुरात असे ॲम्प कोणी ठेवत नाही. लहानूभाऊंनी हे दोन नागपूरहून मुद्दाम मागवले होते. आजवर रिना आणि अश्वजितच्या बँडने भाड्याच्या स्पीकरवरच भागवलं होतं.

अश्वजित दाराशी उभा होता. त्याच्या शेजारी स्टुलावर श्रीहरीकाका बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. सकाळच्या गाडीने आलापल्लीहून आले होते. ॲम्प तेच घेऊन देणार होते.

"तूच वाजव," अश्वजित रिनाला म्हणाला. "मले वाजवताना काही समजत नाई. तुया कान पक्का हाय."

काल त्याने फोनवर सांगितलं होतं, "श्रीहरीकाका येऊन राह्यले. घरच्यासारखेच हायेत. मोठे पारखी माणूस. काही इचारलं तं नीट सांगजो."

तेव्हापासून रिनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. चार वर्षं ती याच फोनची वाट पाहत होती. घरचे तयार होतील, थोडं थांब, असं अश्वजित दर वेळी म्हणायचा. तिने आलेली दोन स्थळं परत पाठवली होती. आता कुठे त्याच्या बाजूचं एक मोठं माणूस समोर येत होतं. आईने, केसरबाईंनी, सकाळीच तिचा मरून रंगाचा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. "काकाले घरी आणजो," त्या म्हणाल्या होत्या. "मी भजे तळून ठेवते."

दुकानात अश्वजितने ओळख करून दिली ती एवढीच, "काका, हे रिना. आमच्या बँडमधली." रिनाने हात जोडून जयभीम केला. थोरामोठ्यांसमोर तो आणखी काय बोलणार, असं तिला वाटलं.

तिने पहिल्या ॲम्पवर तारा छेडल्या. शोकेसच्या काचा थरथरल्या. रस्त्यावरचा एक सायकलवाला मागे वळून पाहत गेला.

"भारी!" अश्वजित म्हणाला. "हाच घेऊ."

रिनाने गेनचं बटण फिरवून आवाजाची खरखर वाढवली. आवाज जाड झाला, मग नुसताच भरडल्यासारखा झाला. सहा तारांची खिचडी. तिने मान हलवली आणि वायर काढली.

दुसऱ्यावर तिने तेच वाजवलं. गेन थेट शेवटपर्यंत नेला. सागाच्या ओंडक्यातून करवत फिरावी तसा आवाज आला, पण त्यातही एकेक तार वेगळी ऐकू येत होती. गिटारचा आवाज कमी केला तशी खरखर गळून पडली आणि खाली निर्मळ सूर उरला. तिने पुन्हा वाजवलं, या वेळी अश्वजित वाजवतो तसं. जोरात, थोडं घाईत.

"हा," ती म्हणाली. "अश्वजितचा हात जड हाय. त्या पहिल्यात त्याचं सगळं दबून जाईन. हा त्याले सांभाळून घेईन."

काका हसले. "त्याच्या हाताचं बरंच ठाऊक हाय तुले."

रिनाचे कान तापले. अश्वजितचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. काकांनी स्टूल तिच्याजवळ सरकवलं.

"पोरी, एक इचारू? खरं सांगजो. पोरगा रागीट हाय का?"

"राग येते, काका. पण लवकर उतरते."

"पेते?"

"एक डाव पेला होता. मी लय बोलली त्याले. तवापासून हात नाई लावला."

"बरं केलंस. आन बाईमाणसाशी कसा वागते?"

"मले तं कवाच उलटून बोलला नाई."

काकांनी दाराबाहेर पाहिलं. अश्वजित पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. मग आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "शब्दाचा पक्का हाय ना?"

"हो," रिना म्हणाली. "बाकी काही असो काका, देल्ला शब्द मोडणारा नाई तो."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बस. पोरीले आणखी काय पाह्यजे? तुया तोंडून ऐकलं, मायी काळजी मिटली."

रिनाला एकदम आई आठवली. कढई चढवून, सारखी खिडकीशी येऊन पाहत असेल.

"काका, आई वाट पाहून राह्यली. घरी येता का?"

"येतो ना. आता काय, येणं-जाणं राहीनच."

अश्वजित आत आला. त्याने आधी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"झालं, बापू," काका म्हणाले. "पक्कं."

अश्वजितने श्वास सोडला. लहानूभाऊंनी खोकं आणलं. ट्यूब निवेपर्यंत थांबावं लागणार होतं. रिना ॲम्पशेजारीच बसून राहिली. पुढे कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत याला खिडकीखाली ठेवता येईल, भिंतीपासून थोडा दूर, असं तिच्या मनात चाललं होतं. तिने अश्वजितकडे पाहिलं. तो खोक्याच्या पट्ट्या सोडवत होता.

काकांनी फोन काढून व्हिडिओ कॉल लावला आणि रिनाला हाताने जवळ बोलावलं. पडद्यावर एक मुलगी आली. मेंदी ओली होती म्हणून तिने दोन्ही हात वर धरले होते.

"रोशनी," काका म्हणाले, "हे पाय, तुया नवऱ्याचा ॲम्प. आन हे रिना, अश्वजितची मानलेली बहीण. जयभीम कर बेटा, नणंद हाय तुयी."