शंभर मार्कांची म्हातारी

हाताची घडी छातीवर, पाय मागं, नाक पुढं, आन् ऊठ. खिडकीच्या गजांबाहेर मनकर्णाचे ओठ नुसतेच हलत होते. आत सोसायटीच्या गोदामात तिच्या आजीनं, सरूबाईनं, हाताची घडी घातली, पाय मागं घेतले, नाक पुढं केलं आणि कशालाही न धरता ती खुर्चीवरून ताडकन उभी राहिली. टाळ्या पडल्या. चेअरमन आबासाहेबांनी मिशीवरून असा हात फिरवला, जसे काही तेच उठले होते.

तालुक्याहून आलेल्या नर्सबाई गावातल्या म्हाताऱ्या माणसांची तपासणी घेत होत्या. सगळ्या गावांना प्रश्न तेच, मार्क तेच. लेकरं ऊसतोडीला गेल्यावर मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दिवसभरासाठी मदतनीस मिळणार होती, आणि कुणाला मिळणार ते या मार्कांवर ठरणार होतं. मनकर्णाचं तर सगळंच त्यावर अडकलेलं. आईबाप उद्या टोळीच्या ट्रकमध्ये बसणार. मदतनीस मिळाली तर मनकर्णा एसटीनं चौसाळ्याच्या शाळेत जाणार. नाही मिळाली तर दहावी गेली, आणि ही बसली आजीपाशी.

मार्क म्हटल्यावर गावाला एकच कळतं: जास्त पाहिजेत. आबासाहेबांनी तपासणीच्या आधीच गोदामात शिकवणी लावली होती. दुष्काळानं गोदामात ना खत होतं ना धान्य, जागाच जागा. मास्तरीण मनकर्णा, कारण वर्गात पहिला नंबर तिचा. पेपर शेजारच्या गावातून आधीच फुटलेला. बाई तीन शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं परत विचारतात, हे सगळ्यांना माहीत. कुदळ, चिमणी, दोरी. सटवा म्हातारा तर रामराम घालायचा सोडून भेटेल त्याला कुदळ चिमणी दोरी म्हणत होता.

तपासणीत फक्त आंघोळीच्या प्रश्नावर गाडी अडली. स्वतःची आंघोळ स्वतः करता का, असं बाईंनी विचारल्यावर सटवा म्हणाला, टँकर आला तर. बाई म्हणाल्या, हो किंवा नाही एवढंच सांगा. सटवानं नम्रपणे विचारलं, तुमी शेवटची कवा केलती? बाईंनी सटवाला पूर्ण मार्क दिले आणि पुढच्या प्रश्नावर गेल्या.

निकाल लागला. एकजात सगळे पास, आणि सरूबाईला शंभरपैकी शंभर. आबासाहेबांनी पेढ्यांचा पुडा फोडला. मदतनीस कधीपासून येणार, असं त्यांनी बाईंना मोठ्या आवाजात विचारलं, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावं.

बाई म्हणाल्या, "कशाला येईल? जास्त मार्क म्हणजे माणूस धडधाकट. मदतनीस कमी मार्कांच्या माणसाला. तुमच्या गावात तर कुणालाच गरज नाही. अभिनंदन."

आबासाहेबांच्या तोंडात अर्धा पेढा तसाच राहिला. खिडकीबाहेर मनकर्णानं कपाळ गजांना टेकवलं. तिनंच शिकवलं होतं. इतकं छान शिकवलं होतं.

मग आबासाहेब सावरले आणि पेपर परत घ्या म्हणून बाईंच्या मागं लागले. बाईंनी सांगितलं, परत परीक्षा नसते. हां, निघायच्या आत कुणाला काही जमत नाही असं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तर मार्क बदलता येतात.

आबासाहेबांनी भुवई उडवली. सटवा कण्हत पोत्यावर आडवा झाला. त्याच्या शेजारच्या दोघांनी एकमेकांना धरून जमीन गाठली. रतनबाईनं स्वतःच्या नवऱ्याला तुमी कोण म्हणून विचारलं, आणि विचारताना ती जरा खूशच दिसत होती. बघता बघता अख्खं गोदाम आडवं. बाईंनी घड्याळ पाहिलं, पिशवीची चेन ओढली आणि नाटकाला मार्क नसतात असं म्हणून दाराकडं निघाल्या.

उभी होती फक्त सरूबाई. खुर्चीपुढं, काठीसारखी ताठ. आबासाहेबांनी तिला बस बस म्हणून खुणा केल्या. ती हलली नाही. खालून आडवे पडलेले कुजबुजायला लागले, म्हातारीच्या डोक्यात गेले शंभर मार्क, नातीच्या शाळेचं हिला काय. मनकर्णालाही तेच वाटलं. तिचा इतका संताप झाला की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही राहिलं. आजे, बस की, असं ती गजांतून म्हणाली. आजीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दारात बाई थांबल्या. त्यांनी विचारलं, "आजी, सगळं गाव आडवं झालं. तुम्ही कशाला उभ्या?"

"बसता येत न्हाई, बाई," सरूबाई म्हणाली. "उठायचं पोरीनं शिकिवलं. बसायचं तुमच्या पेपरात नव्हतं. घरी तीच दोन्ही हात धरून मला खाली सोडती. सकाळी या खुर्चीतबी तिनंच बशिवलं. तिच्या ध्यानातबी न्हाई ते."

मनकर्णानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. शिकवणीत दर वेळी आजी उठायची आणि ती शाबास म्हणायची. त्यानंतर हे हात काय करत होते, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

बाई परत आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सरूबाईचा गुडघा हलकेच वाकवून पाहिला. म्हातारी कळवळली, पाय लटपटले, बाईंनी तिला कमरेला धरलं आणि तशीच धरून ठेवत खिडकीकडं पाहून पोरीला आत बोलावलं.

त्या दिवशी गावात एकच मदतनीस मंजूर झाली. आडवे पडलेल्यांतल्या कुणाला नाही; अख्ख्या गोदामात उभ्या असलेल्या एकुलत्या एका म्हातारीला.