मंदाकाकूंचा कप

"शानभाग, माझा कप हिला कुणी दिला?"

मंदाकाकूंचा आवाज अख्ख्या कॅफेत घुमला. त्यांचा निळा कप एका अनोळखी मुलीने तोंडाला लावला होता.

शानभागांच्या कॅफेत रोज येणारी माणसं आपापला कप आणून भिंतीवरच्या खुंटीला टांगतात. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. घरात काकूंचा म्हणून साधा चमचा नव्हता, सगळं सगळ्यांचं. हा कप तेवढा त्यांचा.

मुलगी गडबडली. "सॉरी काकू. शहरातल्या कॉफीच्या दुकानांचं ऑनलाइन गाईड आलंय ना, त्यात लिहिलंय, भिंतीवरचा आवडेल तो कप घ्या म्हणून."

"कोण तो दीडशहाणा?"

तिने मोबाइल पुढे धरला. लिहिणाऱ्याचा फोटो होता. त्यांचाच निनाद. गेल्या रविवारी काकूंनीच पोराला हौसेने इथे आणलं होतं, आणि हा बसला होता भिंतीचे फोटो काढत.

काकूंनी तिथूनच फोन लावला.

"आई, गाईड वाचलंस? लोकांना जाम आवडलंय."

"वाचलं. संध्याकाळी पाहुणे येतायत. त्यांना तुझा टूथब्रश देते. बाथरूममध्ये टांगलेलाच तर असतो."