एका टाकीची पैज

"बाजूला हो," बाप म्हणाला. त्याच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्यात विकतच्या यीस्टचं पाकीट. लेक वाईनच्या टाकीच्या झाकणावर ठाण मांडून बसली होती. तिशीची बाई, पण बसली होती रुसल्या पोरीसारखी.

पैज साधी होती. लेकीनं द्राक्षबागेतली विषारी फवारणी बंद केली. गोगलगायी खायला बदकं सोडली. वर म्हणाली, विकतचं यीस्टही नको, द्राक्षाच्या सालीवर असतं तेवढं पुरे. बाप म्हणाला, घे एक टाकी. रस आंबला तर बाग तुझ्या पद्धतीनं. नाही आंबला तर फवारणी सुरू आणि बदकं बाजारात. आणि मेला तो रस हूं की चूं करत नव्हता. आठवडा झाला, बुडबुडा म्हणून नाही.

"तुझं ते सालीवरचं यीस्ट मेलंय."

"शेडमध्ये गारठा आहे, बाबा. वेळ लागतो."

"यीस्टशिवाय हे नुसतं सरबत, बाळा. उद्या नासेल."

हे मात्र खरं होतं. ती झाकणावरून खाली उतरली.

तेवढ्यात आई धापा टाकत दारात आली. "बदकं पडलीत. सगळी."

तिघंही शेडमागं धावली. तिथं पिळलेल्या द्राक्षांचा चोथा खतासाठी उन्हात टाकला होता आणि त्यात बदकं आडवी झाली होती. बापाचा चेहराच उतरला. तोंडानं फटकळ, पण बदकांवर जीव त्याचाच जास्त. त्यानं एकाला उचललं. बदकानं एक डोळा उघडला, त्याच्या कानाला प्रेमानं चोच लावली आणि खांद्यावर मान टाकून दिली. दुसरं कसंबसं उठलं, तिरकं तिरकं चाललं, भिंतीवर आपटलं आणि भिंतीलाच दटावू लागलं.

"अहो, ही तर तर्र झालीत," आई म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

बापानं चोथ्याची मूठ उचलून हुंगली. पुन्हा हुंगली. उन्हात चोथा आंबून त्याची दारू झाली होती. मग तोही हसत सुटला. हसता हसता बदकासकट खालीच बसला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. लेक तेवढी हसत नव्हती. चोथा तिच्याच टाकीतल्या रसाच्या द्राक्षांचा होता.

"बाबा, ह्यात यीस्ट कोणी घातलं?"

बापाचं हसू थांबलं. तो बायकोकडे वळला.

"माझी रजई आण," तो म्हणाला, "टाकीला थंडी वाजतेय."